धूर वर जातो, गॅस खाली बसतो



आज स्वयंपाकाच्या गॅसबद्दल बोलूया. आपल्यातल्या बऱ्याच जणींच्या घरी गॅस आहे आणि चूलही आहे. भाकरी चुलीवर, चहा-कालवण गॅसवर. सिलिंडर महाग पडतो, सरपण रानातून मिळतं, म्हणून दोन्ही ठेवणाऱ्या बाईला मी नावं ठेवणार नाही. पण दोन्ही एकाच खोलीत असतील, तर एक गोष्ट पक्की ठाऊक पाहिजे.

चुलीने आपल्याला धुराची सवय लावली. धूर वर जातो, म्हणून आपण छपराला धुराडं ठेवतो. सिलिंडरमधला गॅस याच्या नेमका उलट वागतो. तो हवेपेक्षा जड असतो. गळाला की पाण्यासारखा खाली उतरतो, जमिनीलगत पसरतो, ओट्याखाली नि मोरीत साचतो. धुराड्याचा त्याला काही उपयोग नाही. आणि आपल्या चुलीतला निखारा कुठे असतो? जमिनीवरच. म्हणून चूल आणि सिलिंडर एका खोलीत ठेवू नयेत. चूल पडवीत किंवा परसात नेता आली तर उत्तम. ते जमतच नसेल, तर निदान गॅस लावलेला असताना चूल पेटवू नका आणि चूल पेटती असताना सिलिंडर बदलू नका.

या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं द्रव्य घातलेलं असतं. तो वास आला की विजेच्या बटणाला हात लावायचा नाही. दिवा चालू असेल तर चालू राहू द्या, बंद असेल तर बंद. बटण दाबताना आत बारीक ठिणगी पडते, तेवढी पुरते. शेगडीची बटणं आणि रेग्युलेटर बंद करा, देव्हाऱ्यातलं निरांजन शांत करा, दारं-खिडक्या उघडा. नुसती खिडकी उघडून भागत नाही, कारण गॅस खाली आहे. दार सताड उघडं हवं. चूल पेटलेली असताना वास आला, तर ती विझवत बसू नका. रेग्युलेटर हाताशी असेल तर फिरवा आणि पोरांना, म्हाताऱ्या माणसांना घेऊन बाहेर पडा. फोन अंगणात जाऊन करा. नंबर आहे 1906, दिवसरात्र चालू असतो.

आता मला जे खरं बोलायचं आहे ते. 2016 साली उज्ज्वला योजना आली, तिच्यातली जोडणी घरातल्या बाईच्या नावावर मिळते. कागद बाईचा, स्वयंपाक बाईचा, पण सिलिंडर बदलायचा म्हटलं की हाक मारायची धन्याला नाहीतर पोराला! सकाळी अकरा वाजता वास सुटला तेव्हा धनी शेतात असतो, पोरगा शाळेत. त्या वेळी रेग्युलेटर तुम्हालाच काढता आला पाहिजे. अवघड काही नाही. आधी वरचं बटण फिरवून बंद करायचं, मग खालचं काळं कडं वर उचलून रेग्युलेटर काढून घ्यायचा आणि तोंडावर टोपण खट्‌ आवाज येईस्तोवर दाबून बसवायचं. हे टोपण दोरीने सिलिंडरलाच बांधलेलं असतं. पोरांना खेळायला देऊ नका. पुढच्या वेळी सिलिंडर आणणाऱ्या भाऊंना सांगा, तुम्ही बघत उभे राहा, लावते मी. सासूबाई हसल्या तर हसू द्यात, आणि त्यांनाही शिकवा.

नळी केशरी रंगाची, सुरक्षा नळी म्हणतात तीच घ्या आणि पाच वर्षांनी बदला, दिसायला चांगली असली तरी. नळीला कापड गुंडाळू नका. छान दिसतं खरं, पण आत उंदराने कुरतडलेलं किंवा भेग पडलेली कळत नाही. गळतीची शंका आली तर जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले म्हणजे गळतंय. काडी ओढून बघणाऱ्या बाया अजून आहेत. तसं कधीही करू नका. सिलिंडर उभा, मोकळ्या जागी ठेवा, आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंच ओट्यावर.

ज्योत निळी हवी. पिवळी व्हायला लागली, भांड्याचं बूड काळं पडायला लागलं, की बर्नरची भोकं बुजलीत समजा. शेगडी थंड झाल्यावर बर्नर काढून, घासून, पूर्ण वाळवून लावा. तरी फरक पडला नाही तर मेकॅनिकला दाखवा.

रात्री निजण्याआधी आधी रेग्युलेटर बंद करा, म्हणजे नळीतला उरलेला गॅस जळून जातो. ज्योत विझली की मग शेगडीचं बटण बंद करा.

आणि तो 1906 आकडा खडूने घराच्या बाहेरच्या भिंतीवर लिहून ठेवा. आत नको. वास सुटल्यावर तो वाचायला कुणी आत जायला नको.