आणीबाणीनंतरचे मतदान
२५ जून १९७५ रोजी जाहीर झालेल्या आणीबाणीत वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी, म्हणजे छपाईपूर्वी मजकुराला सरकारी मंजुरी घेण्याची सक्ती, लादली गेली, विरोधी नेते ‘मिसा’ या प्रतिबंधक कायद्याखाली खटल्याविना तुरुंगात डांबले गेले आणि लोकसभेची मुदतही वाढवण्यात आली. मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली तेव्हा आणीबाणी शिथिल झाली असली, तरी अधिकृतपणे उठलेली नव्हती. तरीही १९७१ मध्ये सुमारे ५५ टक्के असलेले मतदान ६० टक्क्यांवर गेले, ही बाब विशेष मोलाची आहे.

मतदारांचे हे धैर्य शक्य झाले ते गुप्त मतदानामुळे. आडोशामागे एकट्याने मतपत्रिकेवर रबरी शिक्का उमटवायचा, तिची घडी घालायची आणि ती पेटीत टाकायची, एवढ्या साध्या कृतीत पोलीस, मालक वा गावचा पुढारी यांपैकी कोणालाही डोकावता येत नव्हते. मत कोणाला दिले हे सांगण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, असे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे ९४ वे कलम आजही बजावते. लाच देणाऱ्यालाही त्यामुळे आपला पैसा वसूल झाल्याची खात्री करता येत नाही.

सत्ताधारी काँग्रेस पराभूत झाली, खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या आणि पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीसाठीचे ‘अंतर्गत अशांतता’ हे मोघम कारण वगळून त्याजागी ‘सशस्त्र उठाव’ ही अट घातली, शिवाय मंत्रिमंडळाचा लेखी निर्णयही बंधनकारक केला.