दोराचा कोन



पावसाळ्यात पंचगंगेचे पाणी चढू लागले, की काठच्या शेतकऱ्यांची पाण्याच्या मोटारी वर काढण्याची धांदल उडते. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनी ही घाई कशासाठी असते ते आपल्याला चांगलेच दाखवले आहे. तिकाटणे उभे करायचे, चेनपुली अडकवायची, मोटारीला दोर बांधायचा आणि ओढायचे. शिरोलीच्या फौंड्रीत क्रेन हेच काम करते. फक्त तिथे ओझे टनांचे असते. पण नियम दोघांनाही एकच लागू. आपण ओझ्याच्या वजनाचा हिशेब करतो, दोराच्या कोनाचा मात्र करीत नाही.

गुरुजी, हा कोन वर्गात सहज दाखवता येईल. दोरीच्या मधोमध पाण्याची बादली अडकवा आणि दोन टोके दोन मुलांच्या हाती द्या. मुले जवळजवळ उभी असली, तर बादली हलकी वाटते. आता त्यांना एकेक पाऊल लांब सरकवा. पाणी तेवढेच, पण हातांना रग लागते. आणि दोरी अगदी सरळ आडवी करा म्हणाल, तर पैलवानालाही ते जमायचे नाही!

आता हेच आकड्यांत बघू. हजार किलोचे ओझे दोन दोरांवर आहे. दोर उभे असतील, तर प्रत्येकावर 500 किलो भार येतो. जमिनीशी 60 अंशांचा कोन झाला की सुमारे 577, 45 अंशांना 707 आणि 30 अंशांना पुरते 1000! म्हणजे ओझे तेच, पण दोरावरचा ताण दुप्पट झाला.

कोन मोजायला साधन नको. ओझ्यावर दोर जिथे बांधले, त्या दोन जागांतले अंतर एका दोराच्या लांबीएवढे असले, की समभुज त्रिकोण होतो आणि कोन 60 अंशांचा येतो. अंतर त्याहून वाढू लागले, तर सरळ लांब दोर घ्यावा.

दोर आखूड पडला म्हणून गाठ मारून चालवू नये. गाठीपाशी त्याचे बळ बरेच घटते. तारेचा दोर असेल, तर तुटलेल्या तारा आणि पडलेली मुरड आधी पाहावी. धारदार कडेवर गोणपाटाची जाड घडी घालावी. ओझे प्रथम वीतभरच उचलावे, थांबावे, ते कलते का बघावे, आणि मगच वर न्यावे. इशारा एकानेच द्यावा. पण ‘थांबा’ म्हणायचा हक्क प्रत्येकाला असावा.

1948 च्या कारखाना कायद्याने उचलण्याच्या साखळ्या-दोरांची निदान वर्षातून एकदा तपासणी व्हावी असा दंडक घातला. नदीकाठच्या तिकाटण्याला कोण तपासणार? ते आपणच तपासायचे.

शेवटचे सांगणे. टांगलेल्या ओझ्याखाली कोणीही उभे राहू नये, क्षणभरसुद्धा नाही. 31 जुलै 2023 च्या मध्यरात्री शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलावर तुळया बसवणारे अवजड यंत्र कोसळले आणि 20 जणांचे प्राण गेले. अपघाताची कारणे निरनिराळी असतात. पण वरून येणारे ओझे खाली कोण आहे हे विचारीत नाही. मोटार बुडाली तर दुसरी घेता येईल. ती काढणारा माणूस संध्याकाळी घरी पोचला पाहिजे.