जीपला डिझेल इंजिन

काही वर्षांपूर्वी परीक्षेच्या कामासाठी मी परगावच्या एका महाविद्यालयात गेलो होतो. फाटकावरच्या शिपायाने माझ्या हातांकडे पाहिले आणि 'जनरेटरवाले ना? मागच्या बाजूनं जा' असे सांगितले. त्याचा काही दोष नव्हता. आदल्या रात्री दहा वाजेपर्यंत मी एका इंजिनाच्या पोटाखाली होतो, आणि नखांतले काळे तेल साबणाने दोन दिवस जात नाही. अर्थशास्त्र घेऊन एम.ए. झालेल्या माणसाने इंजिनाच्या पोटाखाली शिरावे कशाला, हा प्रश्न घरीही पुष्कळदा निघाला आहे. त्याचे नीट उत्तर माझ्यापाशी नाही. पण तिथे शिरल्यावर काय काय झाले, ते सांगता येईल.

आमची जीप जुनी. वडिलांनी शेतीसाठी घेतलेली. सीजे-थ्री-बी हे तिचे नाव. हा नमुना अमेरिकेत विलीज कंपनीने १९५३ साली काढला. आपल्याकडे महिंद्रांच्या कारखान्यात तो पुढे कितीतरी वर्षे बनत राहिला, म्हणून उंच कपाळाची ती जीप आपल्या परिचयाची. कपाळ उंच असण्याला कारण आहे. युद्धकाळातल्या जीपचे इंजिन बुटके होते. नव्या इंजिनात हवा आत घेणाऱ्या झडपा डोक्यावर आल्या, इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेट वर उचलावे लागले. इंजिनासाठी शरीर बदलण्याची सवय या गाडीला जन्मापासूनच होती म्हणा ना!

तिचे पेट्रोल इंजिन २१९९ घनसेंटीमीटरचे. ते दमले होते, पण मेले नव्हते. लिटरला सहा-सात किलोमीटर देई, आणि चिखलात रुतली की तेवढेही नाही. २०१६ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ठरवले, हिला डिझेल इंजिन बसवायचे.

आता तुम्ही म्हणाल, पैसे वाचवायला. एके काळी ते खरे होते. १९७३ नंतर जगात तेलाचे भाव भडकले, आणि आपल्याकडे पेट्रोल व डिझेल यांच्या किमतींत मोठी तफावत राहिली. त्या काळात गावोगावच्या गॅरेजांतून पेट्रोलच्या जीपगाड्या आणि ॲम्बॅसिडर डिझेलच्या झाल्या. पण पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून सुटले. तफावत आटली. ज्या गोष्टीचा हिशेब जमत नाही हे अर्थशास्त्राच्या माणसाला ठाऊक होते, तीच त्याने केली. एकूण खर्चाचा आकडा मी इथे सांगणार नाही. हे भाषण आमच्या घरीही ऐकले जाणार आहे.

छंदापायी असे करणारा मी काही पहिला नव्हे. अमेरिकेत क्लेसी कमिन्स नावाचे इंजिन बनवणारे गृहस्थ होते. १९२९ च्या मंदीत त्यांचा धंदा बुडायला आला, तेव्हा त्यांनी बोटीसाठी केलेले एक डिझेल इंजिन जुन्या पॅकार्ड मोटारीत बसवले आणि जानेवारी १९३० मध्ये ती मोटार इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला स्वतः हाकत नेली. सुमारे आठशे मैलांच्या प्रवासाला इंधन लागले एक डॉलर अडतीस सेंटचे. डिझेल मोटार विकायला बाजारात आली ती त्यानंतर सहा वर्षांनी, १९३६ साली, मर्सिडीजची. म्हणजे कारखान्याच्या आधी हौस रस्त्यावर आली होती.

माझे गुरू म्हणजे कोल्हापूरच्या उद्यमनगरात उमेदवारी करून आलेले एक मेस्त्री. वय पासष्ट, शिक्षण चौथी, आणि कानाने इंजिनाची नाडी पाहणारे. मी माझा बेत सांगितला तेव्हा ते जरा वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "सर, इंजान बसवायला दोन दिस लागत्यात. बसवल्यालं चालवायला दोन वरसं." मला वाटले, मेस्त्री भाव वाढवताहेत. ते पंचांग सांगत होते.

विहिरीवर एक दोन सिलिंडरचे ऑईल इंजिन पडून होते. मी म्हटले, हेच का बसवू नये? मेस्त्री म्हणाले, "तुम्हीच गणित करा." गणित सोपे निघाले. जीपच्या मागच्या धुरीत दात असे आहेत की वरच्या गिअरमध्ये इंजिनाचे ५.३८ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. आणि चाकाच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे २.२ मीटर पुढे जाते. विहिरीवरचे इंजिन मिनिटाला १,५०० फेरे करणारे. म्हणजे जीपचा कमाल वेग ताशी ३७ किलोमीटर! ट्रॅक्टरचे इंजिन २,००० फेऱ्यांचे धरले तरी ताशी ४९. जीपला हवे होते ४,००० फेऱ्यांच्या पलीकडे जाणारे इंजिन. शेवटी भंगार बाजारातून प्यूजो पद्धतीचे २११२ घनसेंटीमीटरचे इंजिन आणले. महिंद्रांनी पुढच्या काळातल्या आपल्या जीपगाड्यांत कारखान्यातच बसवलेले, तेच ते. म्हणजे घराण्यातली सोयरीक झाली. मात्र इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी मधली घंटेच्या आकाराची पेटी भंगारवाल्याने आधीच कुणाला तरी विकली होती. त्या पेटीने आमची एक सुट्टी खाल्ली.

पुढे जे दोन अपघात झाले ते समजावेत म्हणून एक गोष्ट आधी सांगतो. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आत येते, सुमारे सात पट दाबले जाते आणि ठिणगीने पेटते. तुम्ही पाय कमी केला की एक झडप मिटते आणि आत येणारी हवाच कमी होते. डिझेल इंजिनात ठिणगी नाही. आत फक्त हवा येते, ती वीस पटींहून अधिक दाबली जाते, त्या दाबाने ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअराने १८९७ साली ऑग्सबर्गला हे करून दाखवले. इथे हवेला अडवणारी झडप नाही. हवा पोटभर येते. मोजून मिळते ते फक्त डिझेल. पेट्रोल इंजिनाचा लगाम हवेच्या तोंडात असतो, डिझेलचा इंधनाच्या. हे मी पुस्तकात वाचले होते. वाचले होते एवढेच.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये पोलादी पाटा टाकून जोडणी करायची ठरली. लेथवाल्याने पाटा उत्तम केला, भोके बिनचूक बसली. पण क्लच दाबला तरी गिअर सुखाने पडेना, आणि गाडी चालू लागली की गिअरबॉक्स रडे. महिनाभर आम्ही क्लचला शिव्या दिल्या. मग मेस्त्रींनी एक डायल गेज मागून आणला, फ्लायव्हीलवर बसवला आणि मला हाताने इंजिन फिरवायला सांगितले. काटा पंचवीस थाऊ हलला. इंचाचे हजार भाग केले तर त्यातल्या एकाला गॅरेजात थाऊ म्हणतात. पाच-सहा थाऊ चालून जातात. पंचवीस म्हणजे इंजिनाचा मध्य आणि गिअरबॉक्सचा मध्य यांची तोंडे दोन दिशांना. डोळ्याला ते दिसत नाही, बोटाला कळत नाही. बेअरिंगला मात्र पहिल्या दिवसापासून कळलेले असते. भोकांवर भरवसा न ठेवता पाटा गेजवर हलवून हलवून मध्यावर आणला, आणि मग पिना ठोकल्या. रडणे थांबले.

डिझेलच्या वाटेचेही असेच. जीपची टाकी चालकाच्या बसण्याखाली असते. तिच्यातला जुना गंज पेट्रोलच्या कार्ब्युरेटरने कसाबसा सोसला असता, पण डिझेलचा पंप सोसत नाही. टाकी आतून धुतली, पाणी वेगळे करणारा फिल्टर लावला, आणि पंपाकडून उरलेले डिझेल परत टाकीत नेणारी दुसरी नळी काढली. पेट्रोलच्या जीपला ती नव्हती. (नळी जस्ताचा मुलामा दिलेली घेऊ नका, डिझेल आणि जस्त यांचे जमत नाही.) एवढे करून इंजिन सुरू होई, अर्धा मिनिट चाले आणि बंद पडे. "एअर घ्यायलंय," मेस्त्री म्हणाले. पण हवा शिरते कुठून? थेंबही गळत नव्हता. पाच दिवस आम्ही थेंब शोधत होतो, आणि चूक तिथेच होती. पंपाच्या अलीकडची नळी ओढणारी असते. तिला भोक असले तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. नळीचा एक तुकडा काढून तिथे पारदर्शक रबरी नळी लावली, तेव्हा बुडबुडे दिसले. टाकीतल्या जुन्या पेट्रोलच्या नळीलाच सुईएवढे भोक होते.

आणि मग तो दिवस आला. दिवाळीची सुट्टी होती. इंजिन छान चालत होते. एअर फिल्टर अजून बसवलेला नव्हता, हवेचे तोंड उघडे होते. मी पुढच्या चाकाशेजारी पाटावर बसून कान देत होतो. अचानक आवाज चढू लागला. मी मेस्त्रींकडे पाहिले. त्यांचा हात कुठेच नव्हता. धूर पांढरा-निळा, शेड भरून गेली. मी धावत जाऊन किल्ली फिरवली. काहीच फरक नाही. डिझेलची नळी बंद केली, तरी इंजिन चढतच चाललेले. श्रोतेहो, किल्ली हातात असून इंजिन आपले ऐकत नाही, हा अनुभव शब्दांत सांगता येणार नाही. मी तर मागे सरून गोठ्याच्या भिंतीला टेकलो. मेस्त्रींनी मी बसलो होतो तो पाट उचलला आणि हवेच्या तोंडावर थाडकन दाबून धरला. इंजिनाने एक हुंदका दिला आणि ते बंद पडले. सगळे मिळून वीस सेकंदांचा खेळ. त्यांनी हात किंवा पोते घातले असते तर हात चिरडला असता, नाहीतर पोते आत ओढले गेले असते. हे त्यांना कुणी शिकवले नव्हते. उमेदवारीत एका इंजिनाचे तुकडे उडताना त्यांनी पाहिले होते.

कारण निघाले ते अगदी क्षुल्लक. तेल मोजायची पट्टी दुसऱ्याच इंजिनाची होती. ती 'कमी आहे' म्हणत राहिली आणि मी तेल ओतत राहिलो, दीड लिटर जास्त. ते तेल श्वासाच्या नळीतून हवेच्या वाटेने आत गेले, आणि इंजिन डिझेल सोडून स्वतःच्याच तेलावर चालू लागले. लगाम इंधनाच्या तोंडात असतो, आणि इंधनच दुसऱ्या वाटेने आले तर लगाम कुणाला घालणार? तेव्हापासून आमच्याकडे तीन गोष्टी आहेत: पट्टीवर नव्याने केलेली खूण, हवेच्या तोंडावर तारेने ओढून मिटणारी झडप, आणि शेडमध्ये खिळ्याला टांगलेला तो पाट. सौभाग्यवतींनी तो परत मागितलेला नाही.

दुसरा अपघात हसण्यासारखा. जूनचा पहिला पाऊस आला. मी शेताच्या वाटेने जीप घेऊन निघालो, वायपरचे बटण ओढले, तो वायपर ढिम्म. तारा तपासाव्यात म्हणून पाहतो तर तारा नाहीतच! या जीपचा वायपर विजेवर चालत नाही. पेट्रोल इंजिन हवा ओढताना जी पोकळी होते, तिच्या ओढीवर चालतो. डिझेलमध्ये हवेला अडवणारी झडप नाही म्हणून पोकळी नाही, आणि पोकळी नाही म्हणून वायपर नाही. वर्गात हा प्रश्न कुणी मला विचारला असता तर मी फळ्यावर बरोबर उत्तर लिहिले असते. भिजत उभा राहिलो तेव्हा समजले. मग विजेचा वायपर बसवला.

एक गोष्ट मात्र मी सर्वांत आधी करायला हवी होती, ती सर्वांत शेवटी केली. नोंदणीच्या दाखल्यावर इंधनाच्या रकान्यात पेट्रोल लिहिलेले असते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे दाखल्यातला तपशील बदलेल असा फेरफार मनाने करता येत नाही. आधी परवानगी लागते. मी कागद घेऊन गेलो. समोरच्या अधिकाऱ्याने शांतपणे विचारले: हे इंजिन कोणत्या गाडीचे? त्या गाडीचे पुढे काय झाले? याचा धूर कोणत्या मानकात बसतो? एकाही प्रश्नाला माझ्याकडे कागद नव्हता, आणि एकही प्रश्न अवाजवी नव्हता. भंगारवाल्याची पावती मी पुढे करणार होतो, ती खिशातच ठेवली. तुमच्यापैकी कुणाच्या मनात असा बेत असेल, तर पान्याला हात लावण्याआधी त्या कचेरीत जाऊन या. गॅरेजवाले 'होतंय की सर' म्हणतील. होतंय ते गॅरेजात.

तेव्हा आमची जीप आता डांबरी रस्त्यावर जात नाही. बांधापासून ओढ्यापर्यंतची वाट तिची. उसाचे बेणे वाहते, शेणखत नेते, आणि श्रावणात रुतलेली बैलगाडी खालच्या गिअरमध्ये अशी काढते की मेस्त्री चिलीम बाजूला ठेवून पाहत राहतात. जुने पेट्रोल इंजिन मी विकलेले नाही. दाखला अजून त्याच्याच नावाने आहे, आणि मुलगा म्हणतो की तो कधीतरी गाडी पुन्हा रस्त्यावर आणील. ते गोठ्याच्या कोपऱ्यात लाकडी ओंडक्यांवर, पोत्याखाली ठेवलेले आहे. दर दिवाळीला ठिणगीच्या चारी भोकांत चमचा-चमचा तेल घालतो आणि हँडल लावून त्याला हाताने दोन फेरे देतो.