पारा सावलीत मोजतात, आपण टिनाखाली राहतो

(उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत युवकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. पुढारी तर नाहीच नाही. दवाखान्याच्या खिडकीमागे बसून केसपेपर फाडणारा कंत्राटी माणूस आहे. तुम्ही मला विषय दिला, 'हवामान बदल आणि आरोग्यसेवा'. शब्द मोठे आहेत. एसी हॉलमधल्या परिसंवादात चहा-बिस्किटांसोबत चघळले जातात. मी ते आपल्या भाषेत सांगतो. मे महिना. दुपारचे दोन. डोक्यावर टिन. ड्रममध्ये पाणी नाही. आणि दवाखान्याला कुलूप.

वेधशाळा पारा कसा मोजते माहीत आहे? पांढऱ्या लाकडी पेटीत. सावलीत. वारा खेळता ठेवून. त्या पेटीत पारा ४५ वर गेला, किंवा ४० ओलांडून नेहमीपेक्षा साडेचार अंश चढला, की उष्णतेची लाट जाहीर होते. ठीक आहे, शास्त्राला शिस्त लागते. पण आपण त्या पेटीत राहत नाही! आपण टिनाखाली राहतो. पेपरात ४३ छापून येतं तेव्हा आपल्या खोलीत किती असतं, ते कुणी मोजलं? नवतप्यात रात्री बारालाही भिंतीला हात लावा, चटका बसतो. दिवसा तापलेल्या अंगाला रात्री विसावा लागतो. तो मिळाला नाही, की चौथ्या-पाचव्या दिवशी माणूस कोसळतो. मग लोक म्हणतात, काल तर चांगला होता.

हे ऊन देवाने धाडलेलं नाही. कोळसा जाळला, तेल जाळलं, त्याचा धूर आभाळात साचला, पृथ्वी तापली. २०२४ साली जगाचं तापमान कारखानदारीपूर्वीच्या मानाने दीड अंशाच्या वर गेलं. कोराडी-खापरखेड्याच्या चिमण्या आपल्या उशाशी आहेत. राख आपल्याकडे, एसी त्यांच्याकडे. जाळलं कुणी आणि भाजतंय कोण? ही नवी गोष्ट नाही. गावकुसाबाहेरचा हिशेबच नव्या वहीत उतरवलाय.

आता माझ्या घरातलं सांगतो. माझा धाकटा भाऊ सिकलसेलचा आहे, एसएस. एका मे महिन्यात तो टिनाखाली तळमळायला लागला. हात, पाय, पाठ. हाडं कुणी आतून पिळतंय असं दुखणं. आई आणि मी त्याला जवळच्या दवाखान्यात घेऊन गेलो. दुपारची वेळ, ओपीडी संपलेली. आई म्हणाली, "पोराले पाहा ना जरा, बाबा." आतला माणूस म्हणाला, "काहून नाटक करून राहिला बे? इंजेक्शनची सवय लागली काय?" घोटभर पाणीही नव्हतं तिथे. ऑटो करून मोठ्या दवाखान्यात पोचेस्तोवर दीड तास गेला. भाऊ वाचला. तो बघा, मागच्या रांगेत बसलाय, मी त्याचं सांगतो म्हणून खाली बघतोय. पण शेजारचे काका, छपराच्या कामावरून आले, बडबडायला लागले आणि गेले. कागदावर लिहिलं, हृदयक्रिया बंद पडून मृत्यू. अरे, हृदय सगळ्यांचंच बंद पडतं! ते बंद कशाने पडलं, ते लिहा ना!

सिकलसेल म्हणजे काय, ते पुन्हा ऐका, कारण लाजेपोटी आपण ते लपवतो. रक्तातली तांबडी पेशी गोल असते. या आजारात ती विळ्यासारखी वाकते, बारीक नळ्यांत अडकते, रक्त पुढे जात नाही, म्हणून दुखतं. अंगातलं पाणी कमी झालं की पेशी जास्त वाकतात. त्यात या रोग्यांची मूत्रपिंडं पाणी धरून ठेवू शकत नाहीत. म्हणजे उन्हात पाणी जाणार आधी त्यांचं. आणि विदर्भात हा आजार कुणात जास्त आहे? आदिवासींत आणि आपल्यात. १९५८ सालीच मध्य भारतातल्या सिकलसेलवर 'लॅन्सेट'मध्ये लेख आला होता. २०२३ साली केंद्राने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम काढली, तीही मुख्यतः आदिवासी भागासाठी. आदिवासी भावांना मिळतंय ते मिळालंच पाहिजे. पण शहराच्या टिनाखालचा रोगी कुणाच्या यादीत आहे? माझ्या केसपेपरवर नाव, वय, पत्ता लिहायला जागा आहे. सिकल लिहायला नाही.

आता थोडं आपल्या स्वतःबद्दल बोलतो. राग येऊ देऊ नका. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं. त्या काळ्या पोरांनी नुसत्या घोषणा दिल्या नव्हत्या. त्यांनी आपल्या वस्त्यांत फुकट दवाखाने काढले. १९७१ पासून घरोघर, चौकाचौकात सिकलसेलसाठी रक्त तपासलं. हाच आजार, मित्रांनो! तोवर सरकारला काळ्या माणसाच्या रक्ताची फिकीर नव्हती. १९७२ मध्ये तिथे सिकलसेलचा कायदा झाला. आपण त्यांचं नाव उचललं, त्यांची आग उचलली. दवाखाना मात्र, निदान माझ्या वस्तीत तरी, आपण उचलला नाही. जयंतीला डीजे लावतो. वस्तीत सिकलचे रोगी किती, ते सांगता येत नाही.

तयारी करता येते, हे अहमदाबादने दाखवलं. २०१० च्या मे महिन्यात तिथे पारा ४६.८ वर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ माणसं जास्त मेली. नुसती सर्टिफिकेटं वाचून हे कळलं नसतं, एकूण मृत्यूंची तुलना केली म्हणून कळलं. २०१३ साली त्यांनी उष्णतेची योजना आखली: आधी इशारा, दवाखान्यांत बर्फ, डॉक्टर-नर्सना प्रशिक्षण. तिथल्या एका रुग्णालयात नवजात बाळांचा वॉर्ड सगळ्यात वर, तापलेल्या गच्चीखाली होता. तो खाली आणला, आणि उन्हाने आजारी पडून येणारी बाळं कमी झाली. मोठं मशीन लागलं नाही. वॉर्ड खाली आणला, बस. नंतर नागपूरचीही अशी योजना झाली. म्हणजे कागद आहे. तो कागद आपल्या गल्लीत कधी येतो, एवढाच प्रश्न आहे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. एप्रिल ते जून दवाखाना दुपारीही उघडा पाहिजे, कारण ऊन सकाळच्या ओपीडीची वेळ पाळत नाही. तिथे पाणी, बर्फ, ओआरएस, सलाईन आणि सिकलच्या रोग्यांसाठी हायड्रॉक्सीयुरिया पाहिजे. केसपेपरवर सिकलची नोंद पाहिजे. उन्हाने मेलेल्याची नोंद उन्हानेच मेला अशी झाली पाहिजे. घरोघर फिरणाऱ्या आशाताईला मानधनाचा तुकडा नको, पगार पाहिजे.

आणि मागण्या मान्य होईपर्यंत? पोरांनो, वही घ्या. मार्च संपायच्या आत प्रत्येक घर लिहा: सिकलचा रोगी कुठे, गरोदर बाई कुठे, एकटी म्हातारी कुठे, तान्हं बाळ कुठे. लाट आली की दिवसातून दोनदा दार वाजवा. एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, एवढं प्रत्येकाला पाठ पाहिजे. कुणी उन्हाने बरळायला लागला, तर सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, काखेत बर्फ ठेवा आणि लगेच गाडी बोलवा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी उचललं, ते माणूस म्हणून जगण्याचा हक्क सांगायला. आज त्याच पाण्यावाचून आपला माणूस टिनाखाली मरतो आणि कागदावर हृदय बंद पडलं असं लिहिलं जातं. हे चालू द्यायचं का?

भाषण संपलं. वही मी आणली आहे. पहिलं नाव माझ्या भावाचं लिहिलंय. दुसरं कोण सांगतो?

जय भीम.