जुनी मोटार आणि प्लगची साक्ष

पावसाळ्यांतील सकाळ. अंगणांत झांकून ठेविलेली जुनी पद्मिनी सुरू होते, दोनदां खोकते आणि फाटकाशीं बंद पडते. “प्लग गेले!” यजमान म्हणतात. चार नवे प्लग येतात, आठ दिवस गाडी बरी चालते आणि नवव्या दिवशीं पुन्हां तेंच रडगाणें. प्लग हा बहुधा गुन्हेगार नसून साक्षीदार असतो. त्याची जबानी न घेतांच त्याला घालवून दिलें जातें.

कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेली ही गाडी टॅक्सी म्हणून मुंबईंत २०२३ सालीं निवृत्त झाली. परंतु हौशी कुटुंबांनीं जपलेल्या कांहीं गाड्या अजून फिरतात. नव्या गाडींत हवा व पेट्रोल यांचा मेळ विजेचें यंत्र क्षणोक्षणीं घालतें. जुनींत तें काम कार्ब्युरेटरकडे असतें आणि त्याला एकदां लावून दिलें तसेंच तो करीत राहतो. निव्वळ पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनानें सुमारें १४.७ पट हवा लागते. पेट्रोल अधिक झालें कीं मिश्रण दाट, कमी झालें कीं विरळ.

जबानी घ्यावयाची ती अशी. गाडी कांहीं मैल एकसारख्या वेगानें चालवावी, मोकळ्या जागीं इंजिन बंद करून थांबवावी आणि निवल्यावर प्लग काढावे. उभ्या गाडीचें इंजिन बराच वेळ चालूं ठेवल्यास काजळी धरते व साक्ष खोटी ठरते. टोंक फिकट तपकिरी असल्यास सर्व ठीक. कोरडी काळी काजळी दाट मिश्रण अथवा मळलेला एअर फिल्टर सुचविते. तेलकट काळेपणा झिजलेल्या रिंगांकडे बोट दाखवितो. पांढरें, भाजलेलें टोंक मात्र धोक्याचें: मिश्रण विरळ आहे, किंवा ठिणगी फार लवकर पडत आहे. शिशाचें पेट्रोल २००० सालीं बंद झालें, तेव्हांपासून हे रंग पूर्वीहून फिके दिसतात, हें विसरूं नये.

नवा प्लग घेतांना आधीं त्याच्या आट्यांची लांबी पाहावी. लांब प्लग पिस्टनवर आदळूं शकतो. मग उष्णतेचा क्रमांक. एन.जी.के.च्या प्लगांत मोठा आंकडा थंड प्लगचा, तर बॉश आणि चॅम्पियनच्या प्लगांत तो गरम प्लगचा. म्हणून नुसता आंकडा जुळवून भागत नाहीं. टोंकांतील फट गाडीच्या पुस्तकांत दिली असेल तेवढीच, फीलर गेजनें मोजून ठेवावी.

मिश्रण सर्वांत शेवटीं. टॅपेट, पॉइंट व टायमिंग आधीं ठीक करावें. नंतर इंजिन चांगलें तापवून, उघड्या हवेंत, मिश्रणाचा स्क्रू हळूहळू फिरवावा. इंजिन सर्वांत जलद व सुरळीत चालेल तेथें थांबावें आणि वाढलेला वेग दुसऱ्या स्क्रूनें कमी करावा. स्क्रू जोरानें आवळूं नये. त्याची बैठक बिघडते. मात्र हा स्क्रू उभ्या गाडीपुरताच अधिकारी आहे. धांवत्या गाडीचें मिश्रण मुख्य जेटच्या हातीं असतें.

हें भान आज अधिक हवें. कारण पेट्रोलांत आतां २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें. इथेनॉलला जळण्यास हवा कमी लागते. त्यामुळें अशा पेट्रोलला हवा सुमारें १३.५ पटच पुरते. जेट मात्र जुनेंच असतें. परिणामीं, कालपर्यंत बरोबर असलेलें मिश्रण आज विरळ ठरतें. अशा वेळीं जाणत्या कारागिराकडून थोडें मोठें जेट बसवून घ्यावें, रबरी नळ्याही तपासाव्या आणि पुन्हां प्लग पाहावे.

चार प्लगांची किंमत अल्प असते. जळालेल्या झडपांची आणि पिस्टनची तशी नसते. म्हणून नवे प्लग मागविण्यापूर्वीं जुने चारही हातांत घेऊन उजेडांत पाहावे.