सभागृहाबाहेरचा प्रेक्षक



आज मी ज्या व्यवसायाविषयी बोलणार आहे, तो 2020 सालाआधी आपल्याकडे फार थोडे लोक पूर्णवेळ करत होते. आज पुण्या-मुंबईतच नव्हे, तर नाशिक, कोल्हापूर, नागपूरमध्येही त्यावर घर चालवणारी तरुण मंडळी भेटतात. हा व्यवसाय आहे ऑनलाइन आणि हायब्रिड कार्यक्रमांच्या व्यवस्थापनाचा. ऑनलाइन कार्यक्रमात वक्ते आणि श्रोते सगळेच आपापल्या जागी असतात. हायब्रिडमध्ये काही जण सभागृहात बसलेले असतात, काही जण घरून पाहत असतात, आणि कार्यक्रम मात्र दोघांसाठी एकच असतो. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना, आणि त्यांच्या आईवडिलांनाही, या कामात नेमकं काय असतं ते आज सांगायचं आहे.

24 मार्च 2020 च्या रात्री महामारीमुळे देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि सभा, परिषदा, व्याख्यानमाला एकदम थांबल्या. व्याख्यान पुढे ढकलता येतं. पण काही सभा कायद्यानं घ्याव्याच लागतात. कंपन्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा ही त्यातली एक. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयानं एप्रिल आणि मे 2020 मध्ये परिपत्रकं काढली आणि या सभा दृक्‌श्राव्य माध्यमातून घ्यायला परवानगी दिली. त्यातल्या अटी वाचण्यासारख्या आहेत. सभेच्या वेळेआधी निदान 15 मिनिटं सभासदांना आत येता आलं पाहिजे. सभा सुरू झाल्यावरही 15 मिनिटं प्रवेश बंद करायचा नाही. मोठ्या कंपन्यांच्या सभेत किमान 1000 सभासद सामावतील एवढी क्षमता हवी. प्रश्न विचारायची सोय हवी, मतदान हवं आणि सगळ्याची नोंद जपून ठेवायला हवी. या अटींची जबाबदारी कुणीतरी घ्यावी लागते. कोण आत आलं, कुणाचा आवाज पोहोचला, कुणाचा प्रश्न राहून गेला, हे पाहणारा माणूस लागतो. त्या वर्षी 15 जुलैला रिलायन्सची सभाही अशीच पडद्यावर झाली. पुढे या सवलतीची मुदत वेळोवेळी वाढत गेली आणि ही पद्धत रुळली.

मग सभागृहं पुन्हा उघडली. लोकांना एकमेकांना भेटायचंच होतं, त्यामुळे निव्वळ ऑनलाइन कार्यक्रम कमी झाले. या चढउताराचं एक उदाहरण सांगतो. 2019 मध्ये लंडनमध्ये हॉपिन नावाची कंपनी सुरू झाली. ऑनलाइन परिषदांसाठी तिनं एक प्लॅटफॉर्म तयार केला. 2021 मध्ये तिचं मूल्यांकन पावणेआठ अब्ज डॉलरवर गेलं, आणि 2023 मध्ये तिनं आपला कार्यक्रमांचा व्यवसाय दुसऱ्या कंपनीला विकून टाकला. ज्यांनी आपल्या बायोडेटात त्या एका प्लॅटफॉर्मचंच नाव मिरवलं होतं, त्यांना नव्यानं सुरुवात करावी लागली. ज्यांना आवाज, वेळापत्रक आणि माणसं सांभाळता येत होती, त्यांचं काम चालू राहिलं. सॉफ्टवेअर शिका, जरूर शिका, पण त्यालाच करिअर समजू नका.

हायब्रिड कार्यक्रम मात्र टिकले, आणि त्याला सबळ कारणं आहेत. तालुक्याच्या डॉक्टरला दवाखाना दोन दिवस बंद ठेवून परिषदेला जाता येत नाही. भागधारक देशभर विखुरलेले असतात. न्यू जर्सीतल्या किंवा दुबईतल्या मराठी कुटुंबाला गावातल्या गायकाची मैफल ऐकायची असते. आणि काही वेळा ज्यांच्यासाठी सगळे जमतात, त्यांनाच प्रवास झेपत नाही. डिसेंबर 2021 मध्ये नाशिकला 94 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष डॉ. जयंत नारळीकर प्रकृतीमुळे तिथे जाऊ शकले नाहीत. वय, आजार, अपंगत्व, अंतर या अडचणी महामारीबरोबर आल्या नव्हत्या, आणि तिच्याबरोबर गेल्याही नाहीत. दूर असलेल्या माणसाला कार्यक्रमात बरोबरीची जागा मिळवून द्यायची, हे या व्यवसायाचं खरं काम आहे. बाकीचं सगळं त्या कामाची साधनं आहेत.

आता हे काम जवळून पाहू. सुरुवात आवाजापासून करतो, कारण चित्र थोडं अडखळलं तर लोक थांबतात, आवाज तुटला की निघून जातात.

समजा, सभागृहात परिसंवाद आहे आणि एक वक्त्या अमेरिकेतून बोलणार आहेत. सभागृहातले माइक साऊंडवाल्यांच्या मिक्सरला जोडलेले असतात. त्या मिक्सरमधून वेगळी वायर काढून तो आवाज आपल्या लॅपटॉपमध्ये घ्यायचा. लॅपटॉपचा स्वतःचा माइक सभागृहात उघडा ठेवला, तर घरच्या माणसाला पंखे, खुर्च्या आणि घुमणारा आवाज एवढंच ऐकू येतं. उलट दिशेनं, वक्त्यांचा आवाज सभागृहाच्या स्पीकरवर द्यायचा. खरी मेख यानंतर आहे. वक्त्यांना सभागृहातलं सगळं ऐकू गेलं पाहिजे, पण त्यांचा स्वतःचा आवाज परत त्यांच्याकडे जाता कामा नये. स्वतःचेच शब्द अर्ध्या सेकंदानं कानावर येऊ लागले तर कसलेला वक्ताही अडखळतो. या जोडणीला आमच्या कामात ‘मिक्स-मायनस’ म्हणतात. ती करता येणारा माणूस कुठेही गेला तरी त्याला काम मिळतं. ती शिकायला एक छोटा मिक्सर, दोन लॅपटॉप आणि समंजस मित्र एवढं पुरतं.

दुसरी गोष्ट, क्यू शीट. निमंत्रणपत्रिकेवर ‘सकाळी 11 वाजता उद्घाटन’ एवढंच छापलेलं असतं. आमच्या कागदावर 10 वाजून 45 मिनिटांपासून ओळी सुरू होतात. प्रतीक्षेचा फलक पडद्यावर. 10:50 ला दूरच्या वक्त्या पडद्यामागच्या खोलीत हजर, त्यांचा माइक तपासला. 10:58 ला सूत्रसंचालकाला इशारा. 11:00 ला कॅमेरा एक, नावपट्टी चालू. 11:04 ला दीपप्रज्वलन, कॅमेरा दोन समईवर. प्रत्येक ओळीपुढे एका माणसाचं नाव असतं. एकजण कानातल्या हेडसेटवर ‘स्टँडबाय’ आणि ‘गो’ म्हणत असतो आणि बाकीचे फक्त त्याचंच ऐकतात. आपल्याकडे दीपप्रज्वलन, सत्कार, पुष्पगुच्छ यांत बराच वेळ जातो. सभागृहातला माणूस तेवढ्यात शेजाऱ्याशी बोलून घेतो. घरच्या माणसासमोर मात्र पाठमोऱ्या माणसांची रांग असते. म्हणून चांगला व्यवस्थापक त्या वेळात ऑनलाइन प्रेक्षकांसाठी निवेदकाचा आवाज किंवा छोटी चित्रफीत लावून ठेवतो.

तिसरी गोष्ट म्हणजे पर्यायी व्यवस्था. फुल एचडी चित्रासाठी साधारण पाच ते दहा एमबीपीएस अपलोड लागतो. जागा पाहायला गेलात की डाउनलोडचा आकडा बाजूला ठेवा, अपलोड मोजा, आणि गरजेच्या दुप्पट मिळतोय का ते पाहा. शिवाय वेगळ्या कंपनीची दुसरी जोडणी तयार ठेवा. सभागृहाच्या वायफायवर कधीही विसंबू नका, कारण कार्यक्रम सुरू झाला की त्यावर सगळ्यांचे मोबाइल चढतात. जनरेटर आहे म्हणून निश्चिंत राहू नका. लाईट गेल्यापासून जनरेटर सुरू होईपर्यंतच्या काही सेकंदांत राउटर आणि एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर नेणारा स्विचर बंद पडतात, म्हणून त्यांना यूपीएस हवाच. पुण्यात दुरुस्तीसाठी बहुधा गुरुवारी वीज बंद ठेवतात. वक्ता घरून बोलणार असेल, तर त्याच्या भागात त्या दिवशी काय आहे, हे आदल्या दिवशी विचारा.

वेळेचंही तसंच. आपलं घड्याळ वर्षभर एकच असतं. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये ते वर्षातून दोनदा बदलतं, आणि दोन्ही देशांत एकाच दिवशी बदलत नाही. पुण्यात संध्याकाळी 7 वाजता सुरू होणारा कार्यक्रम न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळी साडेनऊला आणि हिवाळ्यात साडेआठला सुरू होतो. कॅलिफोर्नियात त्या वेळी पहाटेचे साडेसहा किंवा साडेपाच वाजलेले असतात. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जातं, ब्रिटनमध्ये शेवटच्या रविवारी. या मधल्या आठवड्यांत ठरवलेल्या कार्यक्रमांत हमखास गोंधळ होतो. निमंत्रणावर प्रत्येक देशाची वेळ वेगळी छापा आणि दरवेळी नव्यानं मोजा.

प्रश्नोत्तरांत तर दूरच्या श्रोत्याची खरी परीक्षा असते. थेट प्रक्षेपण प्रेक्षकापर्यंत काही सेकंद उशिरा पोहोचतं, कधी कधी पंधरा-वीस सेकंदही लागतात. तो प्रश्न टाइप करेपर्यंत सभागृहातल्या तिघांनी हात वर केलेले असतात. म्हणून पहिला प्रश्न ऑनलाइन श्रोत्याचा घ्या, असं सूत्रसंचालकाला आधीच सांगून ठेवा. आणि सभागृहातला प्रश्न माइकशिवाय आला, तर तो माइकवर पुन्हा म्हणायला लावा. यासाठी एक रुपयाही लागत नाही, पण तेवढ्यानं घरी बसलेल्या माणसाला आपण मोजले गेलो असं वाटतं.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं वाटेल, पण तिथे चुकलं तर सगळं मुसळ केरात. प्रक्षेपणात ध्वनिमुद्रित गाणं वाजवलं, की स्वामित्वहक्काचा प्रश्न येतो. सभागृहासाठी घेतलेला परवाना इंटरनेटवरच्या प्रक्षेपणाला लागू असेलच असं नाही, तो वेगळा विचारून घ्यावा लागतो. यूट्यूबची यंत्रणा असं संगीत ओळखते आणि चालू प्रक्षेपण थांबवूही शकते. वक्त्याचं भाषण नंतर यूट्यूबवर ठेवायचं असेल, तर त्याची लेखी संमती घ्या. नोंदणीच्या वेळी लोकांनी दिलेले फोन नंबर ही त्यांची ठेव आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं त्याची जबाबदारी आयोजकांवर टाकली आहे. डॉक्टरांच्या परिषदांत हजेरीवर गुण मिळतात, तिथे कोण किती वेळ उपस्थित होतं याची नोंद बिनचूक हवी.

या क्षेत्रात शिरायचं कसं? एकाच माणसाला सगळं यावं लागत नाही. नोंदणी आणि मदतकक्ष सांभाळणारा, चॅट आणि प्रश्न पाहणारा, वक्त्यांशी समन्वय ठेवणारा, प्लॅटफॉर्म चालवणारा, स्विचरवर बसणारा, आवाज पाहणारा आणि सगळ्यांवर निर्माता, अशी माणसांची साखळी असते. सुरुवात बहुधा मदतकक्षापासून होते, आणि ती उत्तम शाळा आहे. लिंक न उघडणाऱ्या सत्तर वर्षांच्या आजोबांना फोनवर न चिडता आत आणता येत असेल, तर तुमच्यात या कामाचा पहिला गुण आहे. पुढे ज्याचा कान तयार आहे त्याने आवाजाकडे वळावं, ज्याला माणसं सांभाळता येतात त्याने वक्त्यांच्या समन्वयाकडे.

शिकण्याची साधनं आज हाताशी आहेत. ओबीएस हे प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक कंपनीनं 2019 मध्ये एटेम मिनी नावाचा चार कॅमेरे जोडता येणारा छोटा स्विचर आणला, आणि जे काम एकेकाळी मोठ्या गाडीतल्या यंत्रणेवर चालायचं, ते टेबलावर आलं. इव्हेंट मॅनेजमेंटचे अभ्यासक्रम मुंबई-पुण्यात आहेत, ऑनलाइन कार्यक्रमांचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रही मिळतं. त्यांचा उपयोग होतो. पण काम देणारा माणूस आधी तुम्ही केलेला कार्यक्रम दाखवा म्हणतो. म्हणून आपल्या कामाचं रेकॉर्डिंग आणि क्यू शीट जपून ठेवा.

पैशाच्या बाबतीत सुरुवातीपासून स्पष्ट राहा. तालमीचा दिवस हाही कामाचा दिवस आहे, त्याचे पैसे वेगळे धरा. आगाऊ रक्कम किती, कार्यक्रम रद्द झाला तर काय, रेकॉर्डिंगची मालकी कुणाची, हे लिहून घ्या. लग्नसराई, वार्षिक सभांचे महिने आणि परिषदांचा मोसम यांत कामाची झुंबड असते आणि मधले महिने रिकामे जातात. त्या महिन्यांसाठी प्रशिक्षणवर्ग, महाविद्यालयांचे अभ्यासक्रम, संस्थांचे मासिक कार्यक्रम अशी बांधलेली कामं मिळवून ठेवा.

आयोजकांनाही एक विनंती. हार-तुरे, मंडप आणि जेवणाचा खर्च ठरल्यावर उरलेल्या पैशांत प्रक्षेपण उरकू नका. कुणीतरी मोबाइल स्टँडवर लावेल, या भरवशावर शेकडो लोकांना निमंत्रण देऊ नका. ज्यांना बोलावलं, ते कुठेही बसलेले असोत, आपले पाहुणे आहेत. त्यांच्यासाठी वेगळा माणूस आणि वेगळी तरतूद ठेवा.

आणि तरुण मित्रमैत्रिणींनो, मोठ्या शहरात पहिली नोकरी मिळण्याची वाट पाहत बसू नका. तुमच्या गावातल्या वाचनालयाची व्याख्यानमाला असेल, महाविद्यालयाचं चर्चासत्र असेल, तिथे जा. प्रक्षेपणाची जबाबदारी मागून घ्या, आदल्या दिवशी तालमीसाठी एक तास हवाच असा आग्रह धरा, आणि कार्यक्रम संपल्यावर घरून पाहणाऱ्या चार जणांना फोन करून नीट ऐकू आलं का ते विचारा. या व्यवसायात नाव होतं ते या कामानं.