ठेकेदाराचा माणूस नव्हे, आपला माणूस
(भिलाई येथे रेल्वे व टपाल कामगारांपुढे केलेले भाषण)



आपल्या गाड्या ज्या रुळांवरून धावतात ते रूळ वर्षानुवर्षे या भिलाईतून येत आहेत. फेब्रुवारी १९५९ मध्ये इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशभरातून तरुण पोरे इथे आली. विदर्भातून आपलीही आली. कायम झालेल्यांना क्वार्टर, दवाखाना, शाळा मिळाली. ठेकेदाराकडे लागलेल्यांच्या वाट्याला भाड्याची खोली आणि अनोळखी शेजार आला.

अशा पोराचे हाल नुसत्या मजुरीच्या आकड्यावरून कळत नाहीत. तापाने पडला तर औषधपाणी कोण करणार? पैसे बुडाले तर सोबत कोण येणार? विचारणारे कोणी नसले की दारूचा गुत्ता हेच त्याचे घर होते. आणि एकट्याला दाबणे ठेकेदाराला सोपे जाते.

शंकर गुहा नियोगी असेच बंगालमधून आलेले तरुण. भिलाईच्या कोक ओव्हनमध्ये ते कामाला होते. नोकरी गेली तरी परत गेले नाहीत. दानीटोल्याच्या खाणीत मजुरी केली, छत्तीसगढी आपलीशी केली, तिथल्याच कामगार आशाबाईंशी लग्न केले. परके राहिले नाहीत, म्हणूनच १९७७ साली दल्ली राजहराच्या ठेका कामगारांनी त्यांना पुढारी मानले. त्या युनियनने मजुरीबरोबर दारूबंदीही हाती घेतली. १९८३ साली कामगारांच्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद हॉस्पिटल उभे राहिले.

२८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत नियोगींची झोपेत गोळी घालून हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी भिलाई पॉवर हाउस स्थानकात रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. सोळा कामगार गेले. जगण्यापुरती मजुरी आणि काढलेल्यांना परत काम, एवढेच ते मागत होते.

मित्रहो, आता आपल्याकडे पाहू. मालधक्क्यावर, यार्डात, टपालाच्या थैल्या उचलायला ठेक्यावर पोरे येतात. आपण त्यांना ‘ठेकेदाराचा माणूस’ म्हणतो, नावही विचारत नाही. हा दोष ठेकेदाराचा नाही, आपला आहे.

म्हणून प्रत्येक शाखेने तीन कामे करावीत. अशा प्रत्येक पोराचे नाव, गाव आणि घरचा पत्ता वहीत नोंदवावा. त्याचा भविष्यनिर्वाह निधी भरला जातो की नाही, हे पाहावे. आठवड्यातून एक संध्याकाळ युनियनचे ऑफिस त्याच्यासाठी उघडे ठेवावे, मग तो सभासद असो वा नसो. आज त्याच्या आजारपणात आपण गेलो, तर उद्या संपात तो आपल्या शेजारी उभा राहील.

कामगार एकजुटीचा विजय असो!